टेक भाकर

या, जवळ सरकून बसा. उमापूरच्या बायनाबाईची गोष्ट सांगतो. निजामाच्या अमलात तिचा लेक सुंदर औरंगाबादला इंग्रजी शिकत होता. सुट्टीत घरी आला की मोठ्यानं घोकायचा, "टेक टी, टेक बाथ, टेक रेस्ट." चहा घ्या, अंघोळ करा नाहीतर विसावा घ्या, साहेब सगळ्याला एकच 'टेक' लावतो! जात्यावर बसल्या बसल्या मायनंही ते उचललं.

एकदा सुंदरचा सोबती बंकट पाहुणा आला. बायनाबाईनं कौतुकानं गूळपाणी पुढं केलं. "टेक पानी, लेकरा. मंग टेक भाकर."

बंकट पोट धरून हसला. "कोन बे ही?"

"शेजारची हाय, रांधायला येती," सुंदर बोलून गेला.

बायनाबाईनं ते ऐकलं. तरी दोघांना पोटभर वाढलं.

संध्याकाळी देवळात कीर्तन झालं, सुंदरसोबत बंकटही आला होता. शेवटी रिवाजाप्रमाणे लहानथोर एकमेकांच्या पाया पडू लागले. बायनाबाई पुढं आली आणि परक्यासमोर वाकावं तशी सुंदरसमोर वाकली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं तिचे हात वरच्यावर धरले.

"बंकट, ही माझी माय हाय," तो म्हणाला. मान मात्र वर होईना.

बाप्पांनो, नामाच्या गजरात हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.