स्वावलंबनाचा फोटो

परदेशात येऊन नऊ वर्षं झाल्यावर आमच्या ह्यांना ब्लॉग लिहायचा साक्षात्कार झाला. मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! आधी नवी खुर्ची आली, मग टेबलावर दिवा आला. लेखाचा मात्र पत्ता नाही.

अखेर रविवारी मी इस्त्री करत असताना त्यांनी पहिला लेख वाचून दाखवला. ‘परदेशाने मला स्वावलंबन शिकवलं. इथे आपले कपडे आपणच धुवावे लागतात.’

माझ्या हातात त्यांचाच शर्ट होता.

“कसं वाटलं?”

“डोळ्यांत पाणी आलं हो,” मी म्हटलं.

खरंच वाटलं त्यांना. “थांब, सोबत फोटो टाकतो,” म्हणत मोबाइल घेऊन निघाले, आणि दारातूनच मागे वळले.

“अगं, आपलं वॉशिंग मशीन कुठे असतं?”