मोनलच्या ओठांवर जलजाक्षी

मी माईक बोलतोय. बंगळूरच्या गांधीनगरात, सिनेमावाल्यांच्या गल्लीतल्या एका डबिंग थिएटरात माझी हयात गेली. स्वभावानं मी संशयी. माझ्यापुढं येऊन माणसं खोटं रडतात, खोटं हसतात, दुसऱ्याच्या तोंडासाठी आपला घसा झिजवतात. वर्षानुवर्षं हेच ऐकल्यावर विश्वास तरी कुणावर ठेवायचा?

जन्म माझा परदेशी कारखान्यातला. तिथं मला कुणी मायेनं हाताळल्याचं आठवत नाही. खोक्यातून बाहेर काढलं ते चन्नवीरय्यांनी, आमच्या थिएटरच्या ध्वनिमुद्रकांनी. मऊ फडक्यानं पुसून त्यांनी सगळ्यांना बजावलं, "याच्यावर फुंकर मारून बघायची नाही. लागतं त्याला." तेवढ्या एका वाक्यानं मी त्यांचा झालो.

चौऱ्याण्णव साली निर्माते पुट्टेगौडा एक सिनेमा घेऊन आले. शेजारच्या भाषेत धो धो चाललेल्या गोष्टीचा कन्नड अवतार. नळ दुरुस्त करायला आलेल्या पोराला घरचे लोक मुलगी बघायला आलेला इंजिनीअर समजतात आणि खऱ्या इंजिनीअरच्या हातात पाना देतात, एवढीच गंमत. नायिका मोनल मुंबईची. कन्नडचं अक्षर येत नव्हतं. शूटिंगला म्हणे ती नुसते आकडे म्हणायची, एक, दोन, तीन, चार. त्या आकड्यांच्या जागी शब्द भरायला आली जलजाक्षी.

हासनकडची बाई, चाळिशीची. आत आली की बांगड्या काढून रुमालात बांधायची आणि गालात खडीसाखरेचा खडा धरायची. लेखक शेषगिरींचं वाक्य ती आधी बिनचूक म्हणे. मग काचेपलीकडच्या चन्नवीरय्यांना हळूच विचारी, "अण्णा, आणखी एकदा घेऊ या?" आणि त्या दुसऱ्या खेपेला शब्द बदललेले असत!

मला वास आलाच. चांगलं झालेलं काम बाई पुन्हा का करतेय? शेषगिरींची खुर्ची तर नको ना हिला? की गौडांच्या डोळ्यांत भरायचंय? मी तिचा एकेक श्वास टिपत राहिलो.

शेवटच्या रिळाला शेषगिरींनी तिला पकडलं. तरातरा आत आले.

"जलजक्का, मी लिहिलंय, 'तू कुणीही असलास तरी माझं हृदय तुझंच आहे.' तुम्ही काय म्हणालात?"

"'नाव खोटं सांगितलंस. नळ तरी खरा दुरुस्त केलायस ना?' असं म्हणाले."

"कुणाला विचारून?"

"चुकलं सर. पण आमच्या हासनात कुठली पोर हृदयबिदय म्हणते हो? आई लाटणं घेऊन मागं लागेल."

"मूळ सिनेमात हृदयच आहे!"

"तिकडच्या पोरींना असेल."

काचेपलीकडून फस्सकन हसू आलं. हसत होते पुट्टेगौडा. म्हणाले, "शेषगिरी, नळच राहू दे."

त्या नळानं सिनेमा तारला. चन्नवीरय्या सांगायचे, त्या वाक्याला थिएटरात शिट्ट्या पडतात, नाणी उडतात. बाहेर पडताना जो तो म्हणे, "काय बोलते हो ती मोनल!"

मग रेडिओवाल्यांना मोनलची मुलाखत हवी झाली. मोनल तर केव्हाच मुंबईला गेलेली. गौडांनी जलजाक्षीला बोलावून घेतलं.

"जलजम्मा, पंधरा मिनिटांचं काम. फक्त मोनल व्हायचं."

"लोकांना फसवायचं?"

"सिनेमात काय केलंस मग? पुढच्या तिन्ही सिनेमांत नायिका तुझ्याच गळ्यानं बोलतील, हा माझा शब्द."

तिनं मान डोलावली. मी मनात म्हटलं, बघा, विकली गेली. माझा अंदाज चुकत नाही.

रेडिओचा माणूस काचेपलीकडे बसला. मध्ये गौडांनी पडदा ओढून घेतला. "मॅडम लाजाळू आहेत. कुणी बघितलं की त्यांना बोलवत नाही." भल्या माणसाला तेही पटलं. टेप सुरू झाली. जलजाक्षी मोनलसारखं लाडिक हसली, दोन उत्तरं झकास दिली. मग त्यानं विचारलं, "मॅडम, मुंबईच्या असून एवढं गोड कन्नड शिकवलं कुणी?"

तिनं खडीसाखर एका गालातून दुसऱ्या गालात नेली. माझ्या इतक्या जवळ होती की तिच्या दातांवर वाजणारी खडीसाखर मला ऐकू येत होती. मग ते वाजणं थांबलं.

"माझ्या आईनं," ती म्हणाली, आणि आवाजातली मोनल निघून गेली. "मी मोनल नाही हो. माझं नाव जलजाक्षी. त्या पोरीचा काही दोष नाही, चेहरा तिचाच आहे आणि छान आहे. पण बोलते ती मी. अकरा वर्षं बोलतेय. आई गेली तोवर तिला पटलं नाही की सिनेमातली ती मीच. तिला दाखवायला माझं नाव कुठंच नव्हतं."

दारावर बाहेरून धाडधाड गौडांची मूठ. "चन्नवीरय्या, बंद करा ते!"

"मधेच थांबवली तर टेप तुटते, गौडा," चन्नवीरय्या शांतपणे म्हणाले.

टेप तुटत नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं. आणि त्याचा मला राग आला नाही.

रेडिओवाला टेप पिशवीत घालून निघून गेला. रविवारी मुलाखत गावभर वाजली. गौडांनी तिला पुन्हा कधी बोलावलं नाही. दोन वर्षं ती लोकांचे पापड लाटत होती, असं मी ऐकलं. मग एक दिवस शेषगिरीच तिला घेऊन आले. त्यांच्या हातात नव्या सिनेमाचे कागद होते. "आधी वाचा, जलजक्का. मग भांडू." त्या सिनेमाच्या पाट्यांत 'कंठदान', म्हणजे आवाज कुणाचा, असं लिहून पुढं तिचं नाव आलं. पाटी बघून आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली. बांगड्या काढून रुमालात बांधल्या आणि खडीसाखरेचा खडा गालात धरला.

आता थिएटर बंद झालंय. तिथं साड्यांचं दुकान होणार आहे. चन्नवीरय्यांच्या मुलीनं मला आपल्या घरी नेलंय, जुन्या टेपांच्या शेजारी ठेवलंय. माझी जाळी गंजलीय, ऐकूही कमी येतं. संशय मात्र तेवढाच आहे, फक्त आता तो मी माझ्यावर घेतो. एवढ्या जवळून ऐकत होतो मी, आणि त्या बाईला चोर समजलो.

तुम्हाला एकच सांगणं. कन्नड सिनेमाच्या पाट्या सुरू असताना 'कंठदान' हा शब्द झरकन येऊन जातो. पुढं बारीक अक्षरांत एखादं नाव असतं. तेवढं वाचा आणि मगच शेंगांची पुडी सोडा.