गोटीरामच्या नकलेचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. जाड मांजरपाटाचा. तुर्भ्याजवळच्या खाडीकाठच्या गावात, हनुमान जयंतीच्या नाटकासाठी बहात्तर साली बायकांनी मला हाताने शिवलं. तेव्हा माझा निळा रंग काय दिसायचा म्हणून सांगू!

मित्रांनो, अंक संपला की मी पडायचो. मागे राजवाड्याचा तुरुंग करायला वेळ लागे. तेवढ्यात लोक कंटाळू नयेत म्हणून मिठागरावरचा गोटीराम माझ्यापुढे येऊन नक्कल करी. ऐटबाज शहरी पाहुणा चिंबोरी, म्हणजे खाडीतली जिवंत खेकडी, विकत घेतो आणि ती त्याचं बोट धरते! शेवटी गोटीराम एक शब्द न बोलता नुसतं त्या पाहुण्याचं वेडंवाकडं तोंड करी, की गाव आडवं होई. लोक नाटक विसरत, पण ती चिंबोरी विसरत नसत.

त्याची बायको गोजरा माझ्यामागे नटांना कपडे चढवायची. हसणं तिला ऐकू यायचं, पण कशाला हसतात ते कधी दिसलं नाही. घरी दाखवा म्हटलं, की गोटीराम म्हणे, "लोकं समोर नसली तं माजा तोंड हालत नाय गो."

पुढे मिठागरं गेली, जमिनी गेल्या, नाटकही बंद पडलं. चौऱ्याऐंशीला गावातल्या मंडळाच्या पोरांनी त्यांच्या खोलीत भरदुपारी व्हिडिओ लावला आणि उजेड अडवायला मला खिडकीवर ठोकलं. खिळे ठोकले हो, खिळे!

गोजरा तेव्हा फार आजारी होती. तरी त्या दिवशी ती पुढच्या रांगेत येऊन बसली. गोटीरामने मंडळाच्या विलासला गाठलं. "कॅसेट बदलशील तवर माजी चिंबोरी होऊ दे. हिनं कदी बगलीच नाय."

"करा ना काका, टेन्शन नाय," विलास म्हणाला.

पहिली कॅसेट संपली. गोटीराम उभा राहिला. गोजरा पुढे सरकली. नकलेतल्या पाहुण्याने चिंबोरी उचलली, चिंबोरीने बोट धरलं आणि तेवढ्यात टीव्हीवर गाणं सुरू झालं.

"ए काका, खाली बस! दिसत नाय!" मागून ओरडा झाला.

बोट तसंच हवेत धरून तो खाली बसला. मला रडू आलं, पण कापडाला कुठलं रडू!

पिक्चर संपला, सगळे गेले. गोजरा जागची हलली नाही. "आता दावा," ती म्हणाली.

गोटीराम उभा राहिला. त्याने खूप केलं हो. गाल फुगवले, भुवया चढवल्या. पण तोंड काही होईना. ओठ नुसते थरथरत राहिले.

"ऱ्हाऊ द्या," गोजरा म्हणाली. "लय दमलाव तुमी."

श्रावणात ती गेली.

आता मी कुजत चाललोय, माझं काही नाही. पण मित्रांनो, घटकाभर तुम्हाला हसवायला कोणी उभा राहिला, तर त्याला मध्येच खाली बसवू नका. त्याचं तेवढं पुरं होऊ द्या. त्याच्यासाठी कोण येऊन बसलंय, ते तुम्हाला ठाऊक नसतं.