टोकुएच्या मानेवरची गाठ

यातोमी गावात रानचू जातीचे शोभेचे मासे पाळणाऱ्या माणसाला टेंगूळ दिसलं की तो हरखतोच. माशाच्या डोक्यावर जितकं मांस वाढेल आणि दोन्हीकडे सारखं वाढेल, तितका मासा देखणा. कानजिरोचा सगळा जन्म त्यातच गेलेला. म्हणून बायकोच्या मानेवरची गाठ पहिल्यांदा बोटाला लागली, तेव्हा तो सवयीने म्हणाला, "वा, काय छान धरलंय." टोकुएने त्यानंतर त्याच्याशी अबोला धरला. बरोबरच होतं तिचं.

मग सुई घालून तपासणी झाली. आज निकाल होता. कॅन्सर निघाला तर काय, हे दोघांच्याही मनात होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशी वाढल्यात खऱ्या, पण गरीब स्वभावाच्या आहेत, त्यांना राहू द्या सुखाने. टोकुएला ऐकू आलं, पण ते आत उतरेना.

कानजिरोने खालमानेने विचारलं, "दोन्हीकडे सारखी आहे का?"

"उजवीकडे जरा जास्त."

"मग हिचं ओझेकीपद हुकलं." प्रदर्शनात पहिल्या आलेल्या माशाला मल्लांचा हा किताब देतात.

टोकुए जी हसत सुटली, ती थांबेचना. खुर्चीवरून घसरली. डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही, तरी त्याही हसल्या. मग दोघांनी भरदुपारी भातावरचा वाम मासा चापला, साके ढोसली आणि रस्ताभर एकमेकांना ढकलत दोघं घरी आली.

बातमी माशांनाही सांगायची म्हणून टोकुए कित्येक दिवसांनी परसात गेली. टाकीवरची चटई उचलली, तर आत नुसतं पाणी.

"अहो, मासे कुठायत?"

"कुरिमोतोला दिले."

कुरिमोतो म्हणजे त्याचा हाडवैरी. प्रदर्शन तर रविवारवर आलेलं. तिने विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना?

कानजिरो पायरीवर बसला. "सकाळी चटई काढली की समोर ती डोकी. वाढलेलं काही बघवेना गं मला."

टोकुएला भरून आलं आणि पुन्हा हसूही फुटलं. डोळे पुसून तिने बादली उचलली. "उठा. माझ्या सवती घरी आणायच्यात."

"दिलेलं परत कसं मागायचं?"

"तुम्ही नका मागू. मी मागते, मान पुढे करून."