चकतीवरचा ओरखडा

‘मर्दानं एकदा तोडलं की तोडलं. ज्या घराशी तोडलं त्याची पायरी पुन्हा चढू नये, मग प्राण गेला तरी बेहत्तर.’

हा धाकट्याचा जाहीर सिद्धांत होता. न्हाव्याच्या खुर्चीत बसून, गालाला साबण फासलेला असतानाही तो हे सांगायचा, आणि न्हावी बिचारा वस्तरा वर धरून ते संपायची वाट बघायचा. सिद्धांताला सूट फक्त रविवारच्या दुपारची होती. रविवारी जेवणं उरकली की धाकटा डीव्हीडीची पेटी काखोटीला मारायचा, बायकोला पुढे घालायचा आणि ज्याच्याशी तोडलं होतं त्या सख्ख्या थोरल्या भावाच्या घरी जाऊन पिक्चर बघायचा.

त्याला इलाज नव्हता. वाटणीत टीव्ही थोरल्याला गेला आणि पेटी धाकट्याला. नुसत्या टीव्हीत आपलंच तोंड दिसतं आणि नुसत्या पेटीवर मांजर झोपतं. पिक्चरची चकती राहिली आत्याकडे. आई-बाप गेल्यावर या दोघांना वाढवलं ते आत्यानं, त्यामुळे तिची वाटणी करायची कुणाची छाती झाली नाही. ती दोन्ही घरांच्या मधल्या खोलीत राहायची आणि चकती पिठाच्या डब्यामागे ठेवायची.

पिक्चर एकच. वर्षानुवर्षं तोच. बैलगाडी हाकणारे दोन भाऊ, मिशीवाला एक जमीनदार त्यांच्यात काडी टाकतो, भाऊ वेगळे होतात, शेवटी एक होऊन जमीनदाराला त्याच्याच हौदात बुडवतात. घरात सगळ्यांना तो तोंडपाठ होता. गोठ्यातल्या बैलालासुद्धा मारामारीचं संगीत ओळखू यायचं. ते लागलं की तो वैरण सोडून कान टवकारायचा.

बांधावरून भांडण झाल्यापासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. पण पिक्चरबरोबर बोलायला मनाई नव्हती. जमीनदार म्हणायचा, “तू भाऊ नाहीस, उंदीर आहेस. रोज थोडं थोडं कुरतडतोस.” थोरला हे वाक्य त्याच्या सुरात सूर मिसळून म्हणायचा. डोळे टीव्हीवर, पण रोख कुठे ते आंधळ्यालाही कळावं. मग धाकटा दात खाऊन आपल्या वाक्याची वाट बघायचा. ते यायला दोन गाणी जावी लागायची. तोवर आतल्या आत शिजत बसायचा, आणि वाक्य आलं की असा ओरडायचा की वहिनीच्या मांडीवरचं पोर दचकून उठायचं.

धाकट्यानं खरोखर बांध कोरला होता. नांगराचा फाळ दर हंगामाला थोडा थोडा आत घातला होता. कुणी विचारलं की तो सांगायचा, बांध वाऱ्यानं सरकला. वारा तसा त्या माळावर होताच. उन्हाळ्यात मातीचा धुरळा उचलून भाकरीवर आणून घालायचा. पण त्यानं बांध ढकलल्याचं दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं.

तरीही धाकटा ताठ होता, कारण त्याच्या बाजूला पिक्चर होता. शेवटाकडे मोठा भाऊ भर पावसात धाकट्याच्या झोपडीशी येतो, दार वाजवायला हात वर करतो, आणि नेमकी तिथेच चकती अडकायची. फार मागे कुणीतरी ती बिनकामाची समजून पाखरं घाबरवायला मक्यात टांगली होती. वाऱ्यानं ती मक्याच्या ताटांवर घासली आणि लांबलचक ओरखडा पडला. चित्र थिजायचं, आणि पुन्हा सुरू व्हायचं ते एकदम दोघं भाऊ एका गाडीवर बसलेले.

मधला तुकडा आत्या करायची. उठायची, पदर खोचायची, थिजलेल्या टीव्हीकडे पाठ करून दोघांचेही आवाज काढायची. मोठा म्हणतो, चुकलं रे माझं. धाकटा म्हणतो, दादा, आत ये, भिजू नकोस. मग मोठा उंबऱ्यावर बसून रडतो. इथे आत्याही रडायची, आणि डोळे पुसून म्हणायची, “दाबा आता.”

ही चकती धड होती तेव्हा तिनं शेजाऱ्यांकडे बघितली होती, असं सगळे धरून चालले होते. म्हणजे माफी मागायला थोरल्यानं आधी यायचं असतं, हे ठरलेलं. धाकटा दर रविवारी तो तुकडा संपला की भावाकडे बघायचा. थोरला त्या वेळी हटकून पाणी प्यायला उठायचा.

त्या रविवारी थोरल्याचा मेहुणा आला. शहरात वायरिंगची कामं करणारा, बोलायला चटपटीत. त्यानं खिशातून करंगळीएवढी डबी काढली. टीव्हीच्या पाठीत एक फट होती, तिच्यातून आजवर फक्त मुंग्या ये-जा करायच्या. तिच्यात त्यानं ती डबी खुपसली.

“अख्खा पिक्चर आणलाय, दाजी,” तो म्हणाला. “एकदम साफ. आता ती पेटी नको नि काही नको.”

पेटी घेऊन धाकटा दारातच उभा होता. त्याच्या कानशिलाची शीर उडायला लागली. पेटी नको म्हणजे पेटीवाला नको. दर आठवड्याला या घरात पाऊल टाकायचा त्याचा एवढाच काय तो हक्क होता, आणि तो एका उपऱ्यानं करंगळीएवढ्या डबीनं काढून घेतला. परत फिरावं असं त्याच्या मनात आलं, पण बायको आत जाऊन वहिनीच्या शेजारी बसलीसुद्धा. तोही बसला. पेटी मांडीवर घेऊन, लग्नात ज्याचा आहेर परत केला अशा पाहुण्यासारखा.

पिक्चर इतका स्वच्छ होता की कुणाला करमेना. जमीनदाराची मिशी चिकटवलेली आहे हे पहिल्यांदाच दिसलं. दुपारचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं, दार लावल्यानं आत भट्टी झाली होती. शेवटी पाऊस आला, पडद्यावर. मोठा भाऊ झोपडीशी आला. हात वर केला. आत्या सवयीनं पदर खोचून उठली.

चित्र थांबलं नाही. मोठ्यानं दार वाजवलं. धाकट्यानं उघडलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मोठा म्हणाला, “दोर आहे का? गाडीचा साटा सुटलाय.” धाकट्यानं दोर आणला. दोघांनी साट्याच्या सुटलेल्या फळ्या बांधल्या आणि गाडीवर चढले. संपलं.

आत्या तशीच उभी होती, पदर खोचलेला.

“आणि माफी?” धाकटा म्हणाला. “माफी कुठे गेली? कापली काय याच्या डबीवाल्यानं?”

मेहुण्यानं सांगितलं की कुणी काही कापलेलं नाही, पिक्चर असाच आहे.

तेव्हा आत्याच भडकली. म्हणाली, तो तुकडा मी कधी बघितलाच नव्हता. “हा लहानपणी तुला रोज बदडायचा,” ती थोरल्याकडे बोट करून धाकट्याला म्हणाली. “तू एवढासा. माझं हा ऐकत नव्हता, पिक्चरचं ऐकत होता. म्हणून मी पिक्चरला बोलायला लावलं. आणि काय वाईट लावलं? पिक्चर काढणाऱ्यालाच अक्कल नाही. एवढं भांडून माणूस दोर मागतो?”

थोरला उठला. तो कधी ओरडायचा नाही, त्यामुळे त्याचा आवाज ऐकून बैलानंही गोठ्यात पाय आपटला.

“यानं माझी चप्पल विहिरीत टाकली, माफी मी मागायची. यानं माझं कणीस खाल्लं, माफी मी मागायची. का? तर पिक्चरमधला थोरला मागतो. अख्खा जन्म मी त्या माणसापायी मान खाली घातली, आणि त्यानं मागितलीच नव्हती?” मग तो धाकट्याकडे वळला. त्या भांडणापासून पहिल्यांदाच सरळ त्याच्याशी बोलला. “बांध तू कोरलास. तरी मी आलो होतो तुझ्या दाराशी. हात वर केला होता. मग म्हटलं, आता पुरे. आता याची पाळी.”

धाकट्यानं पेटी उचलली आणि चालता झाला.

घरी येऊन त्यानं बादलीला लाथ घातली. अंगठा सुजला. बायको मागोमाग आलीच होती. तिनं बादली सरळ केली आणि म्हणाली, “बांध वाऱ्यानं सरकवला ना? मग वाऱ्याला लाथ घाला. बादली आपली आहे.”

सकाळी तो घरांसमोरच्या बांधावर गेला. माफीबिफी काही नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं. फक्त माती. चार ढेकळं परत टाकायची, म्हणजे कुणी उंदीर म्हणायला नको. पण जमीन तापून दगड झाली होती. नांगरानं ओढलेली माती घट्ट बसली होती आणि जागची हलायचं नाव घेत नव्हती. त्यानं आत्याला शिव्या दिल्या, मेहुण्याला दिल्या, पिक्चर काढणाऱ्याला दिल्या. शेवटी उरलेली एक शिवी कुणाला द्यावी ते त्याला नीट माहीत होतं, म्हणून ती त्यानं फावड्यावर काढली. कशीबशी चार ढेकळं निघाली आणि फावड्याचा दांडा मधोमध मोडला.

थोरल्याच्या दाराशी येऊन त्यानं हात वर केला. वाजवायच्या आधीच दार उघडलं. थोरला खिडकीतून बघत असणार. दोघं उभे राहिले. मागे आत्या चहाचा कप हातात धरून थांबली होती; तिच्या ओठांवर माफीचं तेच वाक्य तयार होतं, फक्त कुणी म्हणायला हवं होतं.

“दादा,” धाकटा म्हणाला. शब्द सवयीनं सुटला, आणि तो परत घेता येईना. रागानं त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “फावडं आहे का?”

“कशाला?”

“आहे की नाही ते सांग.”

थोरल्यानं त्याच्या मातीनं भरलेल्या हातांकडे बघितलं. मग त्याच्या खांद्यावरून पलीकडे, बांधाच्या कडेला पडलेल्या चार ताज्या ढेकळांकडे. आत जाऊन त्यानं फावडं आणलं.

“दांडा सैल आहे. जपून मार.”

धाकटा फावडं घेऊन वळला. त्यानं अंगण ओलांडेपर्यंत आत्याला दम निघाला नाही. तिनं आतून ओरडून सांगितलं, रविवारी पेटी आण, त्या साफ पिक्चरमध्ये सगळं पिक्चरवालेच बोलतात, घरच्या माणसानं बोलायचं कधी?

धाकटा थांबला नाही. तेवढ्यात मागून थोरल्याची हाक आली.

“अरे, आणि ते घमेलं. भांडणाच्या आधी नेलं होतंस बघ. येताना तेवढं घेऊन ये.”