पलीकडच्या खोलीपर्यंतची तार

मी लाल फोन बोलतोय, बिश्केकमधल्या एका गल्लीतल्या तळमजल्यावरचा. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं, आज जरा माझं ऐका. फार वेळ घेणार नाही.

माझा जन्म दूर समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा या शहराचं नाव वेगळं होतं आणि देशही वेगळा होता. आगगाडीने इथे आलो आणि एका शिवणकारखान्याच्या साहेबांच्या टेबलावर विराजमान झालो. मी वाजलो की माणसं उभी राहून बोलायची. मग देश मोडला, कारखान्याला कुलूप लागलं, आणि माझी रवानगी जुन्या बाजारात झाली, जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर, चहाचं पाणी उकळायचा समोवार आणि बिनमालकाच्या पदकांच्या शेजारी. येणारे-जाणारे माझी तबकडी एकदा फिरवून बघायचे आणि पुढे जायचे.

तिथून मला वेनेराने उचललं, आणि माझ्यासोबत एका करड्या फोनलाही. वेनेरा मनाने खचलेल्या लोकांसाठी हेल्पलाइन चालवते. कुणीही फोन करावा, नाव सांगू नये, जीव हलका करावा. मला वाटलं, चला, पुन्हा कामाला लागलो. पण कामाचे फोन वरच्या मजल्यावर होते, नवे, काळेभोर. आम्हा दोघांना एका तारेने एकमेकांनाच जोडलं. मी या खोलीत, करडा पलीकडे स्वयंपाकघरात. आमची तार त्यापुढे जात नाही. नव्या स्वयंसेवकांनी आमच्यावर सराव करायचा. पलीकडून एकाने बनवलेलं दुःख सांगायचं आणि इकडच्याने ते खरं मानून ऐकायचं. खोट्या दुःखाची हमाली करायची वेळ आली म्हणून मी बरेच दिवस घुश्शात होतो.

पण या हमालीत एक गोष्ट कळली. माणसाला ऐकवत नाही. समोरचा दोन वाक्यं बोलला की इकडच्याच्या जिभेला खाज सुटते. कुणी उपाय सांगतो, कुणी आपल्या मावशीची गोष्ट सांगतो, कुणी नुसतंच ‘होईल सगळं नीट’ म्हणून हात झटकतो. वेनेरा न चिडता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावते. तिची चिकाटी मला या जन्मात जमली नसती.

अशातच गेल्या शरदात सायराकान आली. आयुष्यभर ट्रॉलीबस चालवलेली, आता निवृत्त, डोक्याला पांढरा रुमाल, आवाज असा की शेवटच्या बाकावरच्यालाही थांबा कळावा. तिच्या मोहल्ल्यात भांडण असो की सोयरीक, माणसं तिच्याकडेच सल्ल्याला यायची. सगळे तिला एजे म्हणायचे, म्हणजे ताई. पहिल्याच दिवशी वेनेराने विचारलं, इथे का आलात? तिने आडपडदा ठेवला नाही.

“माझा मुलगा गेला, पोरी. घाटात, बर्फात. त्याची बायको माझ्याकडेच असते. पेरिझात. चहा ओतते, भांडी घासते, पण बोलत नाही. दिवसेंदिवस वाळत चालली आहे. मला सल्ला देता येतो, ऐकता येत नाही. इथे परक्यांचं ऐकायला शिकले तर तिचंही ऐकू शकेन.”

त्या दिवसापासून मी सायराकानकडे लक्ष ठेवून होतो.

पहिल्या सरावात तिने जे केलं ते दुसऱ्या कुठल्या देशात कुणी केलं नसतं. पलीकडून एक मुलगा नोकरी गेलेल्या माणसाचं सोंग घेऊन रडगाणं गात होता. सायराकानने थोडं ऐकलं. मग माझा रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला, दोन्ही तळवे उघडून समोर धरले, देव तुला सबुरी देवो, तुझ्या घरी बरकत देवो अशी दुआ म्हटली आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मी टेबलाकडे तोंड करून पडलेलो. पलीकडचा मुलगा हॅलो हॅलो करत होता.

आमच्याकडे वडीलधारं माणूस दुआ देतं ते दोन्ही हातांनीच. आणि एकदा का तळवे चेहऱ्यावरून फिरले की बैठक संपली. मग ताटात मांस उरलेलं असो की बोलणं अर्धवट असो, सगळ्यांनी उठायचं.

वेनेरा हसली नाही. ती एवढंच म्हणाली, “एजे, तुम्ही त्याला आशीर्वाद दिलात आणि त्याच आशीर्वादाने दाराबाहेर काढलंत.”

सायराकानला हे लागलं. पुढच्या खेपेला तिने मला आडवं ठेवलं नाही, पण मोकळा हात मात्र सारखा वर जायचा. शेवटी ती त्याच हाताने माझी तार घट्ट धरून बसू लागली.

वेनेराने तिला चहावरून समजावलं. पाहुण्याला आपण पियाला काठोकाठ भरून देत नाही. घोटभरच ओततो, म्हणजे तो पुन्हा पियाला पुढे करतो आणि बसून राहतो. बोलणंही तेवढंच ओतायचं.

“मी कुठे ओतते? सून ओतते,” सायराकान म्हणाली.

सगळ्यात जड गेला तो पुढचा धडा. पलीकडचं माणूस जिवाला कंटाळल्यासारखं बोललं, तर त्याला सरळ विचारायचं की मरावंसं वाटतं का. वेनेराने सांगितलं, विचारल्याने कुणी मरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून जीव मोकळा होतो. पण सायराकानच्या घरात असं अभद्र तोंडातून काढत नसत. ती माझ्याजवळ तोंड आणायची, शब्द ओठांपर्यंत यायचे आणि ती विचारायची, “तब्येत कशी आहे?” अशाने वरच्या मजल्यावर बसता येणार नाही, हे वेनेराने तिला स्पष्ट सांगितलं होतं.

शेवटचा सराव शनिवारी सकाळी होता. सायराकान माझ्यासमोर बसून होती. रोज सोंग घेणारा मुलगा तापाने फणफणून घरी राहिला होता. तेवढ्यात पेरिझात सासूसाठी गरम बोरसोक, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, घेऊन मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली. वेनेरा तिला ओळखत नव्हती. डबा आणून देणारी कुणी शेजारीण असेल असं तिला वाटलं. एका परीक्षेत नापास झालेल्या मुलीचं सोंग घेशील का, असं तिने विचारलं. पेरिझातने मान डोलावली. ही सगळी हकीकत मला करड्याने नंतर सांगितली.

मी वाजलो. सायराकानने उचललं. पलीकडून हळू आवाज आला, “मी नापास झाले.”

सायराकानची बोटं माझ्यावर आवळली. तो आवाज तिच्या घरात रोज फक्त ‘आपा, चहा’ एवढंच म्हणायचा. आपा म्हणजे आई, सासूही. पण इथे ओळख दाखवायची नाही, नाव घ्यायचं नाही, हा इथला पहिला नियम. वेनेरा परत येऊन शेजारी, माझ्याशी कान लावून बसली होती.

“सांग. मी ऐकते आहे,” सायराकान म्हणाली. ट्रॉलीबसचा आवाज कुठच्या कुठे गेला होता.

पेरिझात थोडा वेळ परीक्षेचं बोलली. मग सोंग संपलं, शब्द संपले. सायराकानने मध्ये काही ओतलं नाही.

“आमच्या घरी त्याचं नाव कुणी घेत नाही,” पलीकडून आलं. “मी बोलायला लागले की आपा हात वर करतात, दुआ देतात. मग मला उठावंच लागतं. भांडी गोळा करावी लागतात.”

वेनेराच्या आता सगळं ध्यानात आलं. तिने सायराकानच्या खांद्यावर हात ठेवला, थांबायचं का म्हणून खुणेने विचारलं. सायराकानने मान हलवून नाही म्हटलं. तिचा मोकळा हात वर गेला, अर्ध्यावर थांबला, खाली आला आणि त्याने माझी तार धरली. खरं सांगतो, मीही आतून हललो होतो.

“तुला मरावंसं वाटतं का?” तिने विचारलं.

पलीकडून उत्तर आलं.

“हिवाळ्यात वाटायचं. रोज. आता कधीतरी.” आणि मग, “आज नाही. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.”

“मी विचारत राहीन,” सायराकान म्हणाली.

पुढे फोन कुणी खाली ठेवेना. इथला नियम असा की पलीकडच्याने आधी ठेवायचा. आणि सुनेची रीत अशी की मोठ्यांच्या आधी ठेवायचा नाही. पेरिझातनेही आवाज केव्हाच ओळखला होता. दोघी आपापल्या टोकाला धरून बसल्या. शेवटी सायराकानने मला टेबलावर हलकेच आडवं ठेवलं, या वेळी तोंड वर करून, आणि डोक्याच्या रुमालाने डोळे पुसत ती स्वयंपाकघराकडे चालू लागली.

करडाही तिकडे तसाच उघडा पडला होता. त्यामुळे मला ऐकू आलं. खुर्ची सरकली. किटलीचं झाकण वाजलं. “आपा, मी ओतते ना,” असं पेरिझात म्हणाली, आणि “बस तू,” असं सायराकान. मग चहाची धार, अगदी थोडीशी.

“तालाय लहानपणी चहात लोणी मागायचा,” सायराकान म्हणाली. “तुझ्याकडे मागायचा का गं?”

लेकाचं नाव तिच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पेरिझात आधी रडली, मग बोलू लागली. त्या दुपारी मला कुणी जागेवर ठेवलंच नाही.

वेनेराने पेरिझातची गाठ एका चांगल्या डॉक्टरीणबाईंशी घालून दिली. सायराकानला तिने वरच्या मजल्यावर यायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, यंदा नको, पुढच्या वर्षी बघू, सध्या घरीच बरंच ऐकायचं आहे. वर्ष होत आलं. आता माझी तबकडी अडकते, रंग विटला आहे, आणि वेनेरा नवे फोन घ्यायचं म्हणते. घेऊ दे. मी कधी पलीकडच्या खोलीच्या पुढे पोचलो नाही, याचं आता वाईट वाटत नाही.

जाता जाता एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी बोलायला लागलं, तर दुआ जरूर द्या, पण ती शेवटी. आधी थोडा चहा ओता आणि बसून राहा.