दाराआडचा पोंगल

मित्रांनो, मी काशाचा एक जुना हंडा आहे आणि मी चिडलेला आहे. काशाला तापायला वेळ लागतो. पण एकदा तापलं की निवायलाही लागतो.

कावेरीकाठच्या एका भट्टीत मला मातीच्या साच्यात ओतलं. पूंगोडीच्या आईने मला लेकीच्या लग्नात आंदण दिलं. तेव्हापासून दर पोंगलला, म्हणजे तुमच्या संक्रांतीच्या सणाला, अंगणातल्या तीन विटांवर मी चढायचो. गळ्यात हळदीचं ओलं रोप, समोर उगवता सूर्य. पूंगोडी माझ्यात गोड भातासाठी नवे तांदूळ सोडायची. दूध उतू गेलं की सगळं घर ओरडायचं, "पोंगलो पोंगल!" म्हणजे, असंच भरभरून उतू जावो. तिची सासू कुंजम्माळ शेजारणींना सांगायची, "आमच्या धाकटीच्या हाताला बरकत आहे, बरकत!"

मग पूंगोडीचा नवरा तापाने गेला. त्या वर्षी घरात सण झाला नाही. मी माळ्यावर पालथा पडून राहिलो, अंगावर कोळिष्टकं चढली. पूंगोडीला मात्र पडून राहायची सोय नव्हती. तिने रोपं टाकली, लावणी केली, पाटाच्या पाण्यासाठी गावातल्या पुरुषांशी कडाकडा भांडली आणि पीक घरात आणलं.

यंदा भोगीच्या दिवशी तिने मला खाली काढलं. चिंच आणि राख लावून इतकं घासलं, की माझ्यात तिचा चेहरा दिसायला लागला. तेवढ्यात चेन्नईहून सणाला आलेली तिची थोरली जाऊ थेन्मोळी जवळ आली.

"झाला ना घासून? आता ठेव. उद्या हात लावू नकोस त्याला."

"का, अक्का?"

"सगळं बोलूनच दाखवायला हवं का? शुभाचं काम आहे. तू मागच्या दारी बस. प्रसाद येईल तुला."

पूंगोडीने सासूकडे पाहिलं. कुंजम्माळ सुपातली डाळ निवडत म्हणाली, "त्यात तोंड पाडायला काय झालं? तुझा सासरा गेल्यापासून मी दाराआडच उभी राहते. मेले का मी?"

थोरला दीर सेल्वमणी ओसरीवर बसला होता. तो म्हणाला, "बायकांच्या भानगडीत मला ओढू नका."

मित्रांनो, भांड्याला तोंड असतं, जीभ नसते. नाहीतर तिथेच विचारलं असतं: तिने पिकवलेला तांदूळ चालतो, तिच्या वाफ्यातली हळद चालते, मला घासायला तिचेच हात चालतात, मग तांदूळ सोडताना त्या हातांना काय होतं?

पोंगलच्या सकाळी थेन्मोळी रेशमी साडी नेसून आली. तिने मला विटांवर ठेवलं आणि काडी ओढली. तेवढ्यात मागच्या दारातून पूंगोडी तरातरा अंगणात आली. तिने मला उचलून कमरेवर घेतलं.

"हा हंडा माझ्या आईचा आहे आणि तांदूळ माझ्या शेतातला. तुमचं जे काही असेल, ते तुम्ही शिजवा."

आता सेल्वमणीला कंठ फुटला. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीस तू!"

"भावजी, मी पाटावर एकटी भांडत होते, तेव्हा कुठं होतं हे तोंड?"

ती मला घेऊन थेट खळ्यावर गेली. तिच्याबरोबर लावणी करणाऱ्या बायकांनी तिथे चुली मांडल्या होत्या. त्यांतली म्हातारी मुनियम्मा म्हणाली, "अगं पोरी, घरचा सण टाकून इकडं कुठं?"

"घरात माझ्यापुरती जागा नव्हती."

मुनियम्माने पायाने विटा सरकवल्या आणि जागा केली.

जाळ लागला. दूध चढलं आणि माझ्या काठावरून चहूकडे ओघळलं. सगळ्या ओरडल्या, पूंगोडी मात्र खाली वाकून जाळच सारत राहिली. मुनियम्माने तिला कोपर मारलं. "ओरड की! का तेही घरी जाऊन विचारणार आहेस?"

तशी ती ओरडली. एवढ्या मोठ्याने, की बांधावरचे बगळे उडाले.

दुपारी काठी टेकत कुंजम्माळ आली. केळीच्या पानापुढे बसली, दोन घास खाल्ले. "गूळ कमी पडलाय," म्हणाली. आणखी एक घास घेऊन थांबली. "उतू गेलेलं दूध मी कधीपासून पाहिलंच नाही गं. दाराआड नुसता आवाज येतो."

"मग आत्याबाई, मला का ढकलत होतात तिकडे?"

म्हातारीने पान पुढे सरकवलं. पूंगोडीने तिला आणखी वाढलं. पण राग काही गिळला नाही. बरं केलं.

सण संपला तसा सेल्वमणी निरोप न घेताच गेला. थेन्मोळीनेही मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या वर्षी अंगणात काय होईल, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, आमच्यासारखी जुनी भांडी जपा, असं मी सांगायला हवं. पण आम्ही धातूची. माळ्यावर पडलो तरी टिकतो. तुमच्या घरात सणाच्या दिवशी कुणी दाराआड उभं असेल, तर भांडी नंतर घासा. आधी तिला बाहेर बोलवा.